पन्नासच्या फलकापाशी

इळंगोला प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि जेवणाचा डबा उघडला की ते बाहेर पडायचं. सरवणमपट्टीच्या आमच्या ऑफिसात तो माझ्या शेजारी बसायचा. दहीभात कालवता कालवता म्हणायचा, "अक्का, रेस ड्रायव्हर जिंकत नाही, टायर जिंकतात. ड्रायव्हर नुसता बक्षीस घ्यायला वर चढतो." गेम खेळणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, असं कुणी म्हटलं की चिडायचा. "गाडी ठोकली तरी परत पहिल्यापासून सुरू करता येतं. दुसरं असं काय आहे, सांगा ना!" आणि कामाबद्दल तर विचारूच नका. "बँकेचं सॉफ्टवेअर म्हणजे म्हाताऱ्याचं घर. भिंतीला हात लावायचा नाही. गळेल तिथे बादली ठेवायची."

मी हसायचे. पुढे भरणी त्याच्याकडे जायला लागला, तो हसायचा नाही, ऐकून घ्यायचा.

भरणी माझा धाकटा भाऊ. गणपती नावाच्या भागात आमच्या अप्पांचं पंप दुरुस्तीचं दुकान आहे, तिथे तो पंपाच्या मोटारींना तारा गुंडाळायचा, लेथ चालवायचा. त्या वर्षी पहिल्यांदाच तो चेट्टीपाळयमच्या ट्रॅकवर एकट्याने बसायच्या छोट्या रेसगाड्यांच्या शर्यतीत उतरला होता. इळंगोशी त्याची ओळख मीच करून दिली. इळंगोच्या जेवणाच्या टेबलाला गेमचं स्टिअरिंग कायमचं घट्ट बसवलेलं असायचं, त्यामुळे तो स्वतः पलंगावर बसून जेवायचा. त्याच्या गेममध्ये हाच ट्रॅक होता. कुणा हौशी पोरांनी मोजमापं घेऊन बनवलेला, अगदी फलकांसकट.

"हे बघ तंबी," धाकट्या भावाला म्हणतात तसं एका संध्याकाळी तो भरणीला म्हणाला, "सरळ रस्ता संपतो तिथे सगळे वळणाआधीच्या शंभर मीटरच्या फलकाला ब्रेक दाबतात. घाबरट आहेत. पन्नासच्या जरा अलीकडे दाब. गाडी वळते. मी हजारदा वळवलीय."

"खरंच, अण्णा?"

"माझं मत आहे. पटलं तर घे."

भरणीने ते मत म्हणून घेतलं नाही. तीन आठवडे रोज दुकान बंद करून तो इळंगोकडे जाऊन गेमपुढे बसला. शनिवारच्या सरावात त्याने तसंच केलं आणि दोघांना मागे टाकलं. घरी येऊन अम्माच्या हातचा डोसा उभ्या उभ्याच खाल्ला. अम्माला वाटत होतं, पोरगा मित्रांबरोबर गाड्या बघायला जातो.

रविवारी ऑफिसचे तातडीचे फोन घ्यायची पाळी माझी होती. शुक्रवारी इळंगोनेच ती स्वतःकडे घेतली. "तुमच्या भावाची रेस आहे, अक्का. निवांत बघा. महिनाभरात रविवारी कधी फोन आलाय का?"

दुपारी दोनला रेस सुरू झाली. आम्ही दोघं गॅलरीत, डोक्यावर ओले रुमाल टाकून. इळंगोच्या गळ्यात भरणीचा मदतनीस म्हणून पास होता, गाड्यांच्या बाजूला आत जाण्याचा. तिसऱ्या फेरीला त्याचा फोन वाजला. चेन्नईहून आमचे साहेब, जेरोम सर. बँकेच्या खात्यांची पानं उघडत नव्हती. इळंगोने मांडीवर लॅपटॉप उघडला, कानात इयरफोन घातला.

"कुणीही लाइन सोडायची नाही," जेरोम सरांचा आवाज मलाही ऐकू आला. "मी सांगेपर्यंत सगळे इथेच."

सहाव्या फेरीला भरणीची गाडी समोरच्या वळणावर मागून हलली. सातव्या फेरीला जास्त. इळंगोने फोनवर आपला आवाज बंद केला आणि माझा दंड पकडला.

"अक्का, टायर संपलेत त्याचे. उन्हाने रस्ता तापलाय. गेममध्ये हे होत नाही. त्याला लवकर ब्रेक दाबायला सांगायला पाहिजे."

"कसं सांगणार?"

"आत भिंतीपाशी त्याच्या गाडीच्या मालकाची माणसं उभी आहेत. ती पाटी दाखवतात. जाऊन एवढंच म्हणायचं, शंभरला दाब."

"मग जा ना!"

तो उठलासुद्धा. तेवढ्यात फोनमधून, "इळंगो? आहात ना?"

"आहे सर," तो म्हणाला, आणि खाली बसला. मग गळ्यातला पास काढून माझ्या हातात दिला.

मी पळाले. साडी नव्हती, पण चपला होत्या, एक पायऱ्यांवरच राहिली. दारावरच्या रखवालदाराने पास हातात घेतला, उलटा केला.

"अम्मा, यात पुरुषाचा फोटो आहे."

"माझा भाऊ गाडीत आहे. एक निरोप द्यायचाय. तुम्ही द्या, मी इथेच थांबते."

"मी दार सोडू शकत नाही, अम्मा. नियम आहे."

तो वाईट माणूस नव्हता. पाणी हवं का, असंही त्याने विचारलं. मी मोठ्याने ओरडायला लागले, पण गाड्यांच्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. मग एकदम त्यांतल्या एका गाडीचा आवाज तुटला, आणि गॅलरीतले लोक उभे राहिले.

भरणीला त्यांनी गाडीतून बाहेर काढलं तेव्हा तो शुद्धीवर होता. उजवं मनगट भलत्याच दिशेला वळलेलं, गळ्याजवळचं हाड मोडलेलं. अँब्युलन्सपाशी इळंगो आला, लॅपटॉप उघडाच छातीशी धरलेला. इयरफोन अजून कानात होता.

"सुटलं का बँकेचं?" मी विचारलं. का विचारलं, मला माहीत नाही.

"माहीत नाही, अक्का. चाळीस मिनिटं झाली. मला कुणी कामाचं काही विचारलंच नाही. फक्त आहात ना, आहात ना."

सोमवारी जेरोम सरांचा मेल आला. रविवारी लाइनवर थांबलेल्या सगळ्यांचे आभार, नावं घेऊन. इळंगोचं नाव तिसरं होतं. माझं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये तो रोज यायचा आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहायचा. पाचव्या दिवशी एकदाचं म्हणाला, "तंबी, ते पन्नासचं मी सांगितलं होतं."

"ब्रेक माझ्या पायाखाली होता, अण्णा. तुमच्या नव्हता."

"मी उठून गेलो असतो तर…"

"बसा ना. अम्माने कॉफी पाठवलीय."

अम्माला रेसचं आणि पन्नासचं कळलं होतं. तिने त्याच्यावर आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तिने त्याला तेंगा बन, नारळ भरलेला गोड पाव, दिला आणि किती वाळलास म्हणाली. तो बन हातात घेऊन रडला. मी खिडकीकडे वळले. फोनची पाळी खरी माझी होती, हे मी अम्माला सांगणार होते. त्या दिवशी जमलं नाही. नंतरही नाही.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी मनगट धरून फिरवलं आणि म्हणाले, एवढंच फिरेल आता. अर्धंसुद्धा नाही. स्टिअरिंग राहू दे, लेथचं हँडलही त्याला धरता येत नाही. अप्पा या वयात परत लेथपाशी उभे राहतात. भरणी पुढे बसून दुरुस्त झालेल्या मोटारींवर चिकटवायच्या कागदावर डाव्या हाताने गिऱ्हाइकांची नावं लिहितो. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं, कागद सारखा सरकतो.

रविवारी इळंगो येतो आणि तो कागद धरून बसतो. परवा भरणी मध्येच हसून म्हणाला, "अण्णा, काहीतरी सांगा की. कशावरही." इळंगोने कागद सरळ केला, आणि "पुढचं नाव कुणाचं?" एवढंच विचारलं.