ओकच्या पोटातली खूण

आम्हाला विकलं ही बातमी आमच्या गावाला सगळ्यात शेवटी कळली. मिसिसिपीच्या पश्चिम काठावरचं आमचं बेलरीव्ह गाव. माणसं फ्रेंच बोलणारी, अंमल स्पेनच्या राजाचा. एके दिवशी होडीवाल्यांनी सांगितलं, की स्पेनने आम्हाला केव्हाच गुपचूप फ्रान्सला देऊन टाकलंय आणि फ्रान्सने आम्हाला अमेरिकेला विकलंय. नदीपासून पार पश्चिमेच्या डोंगरांपर्यंतची सगळी भूमी, एका सहीत. ती ज्यांची मूळची, त्या ओसेज लोकांना तर कुणी विचारलंसुद्धा नव्हतं. आमचा लोहार म्हणाला, "सकाळी स्पॅनिश उठलो, दुपारी फ्रेंच जेवलो, रात्री अमेरिकन झोपणार. बायकोला ओळखू येईन ना रे मी?"

त्यानंतर माणसांचा लोंढा सुरू झाला. केंटकीतून, टेनेसीतून, तराफ्यांवर गायी-डुकरं आणि पोरंबाळं लादून लोक नदी ओलांडू लागले. ज्या रानाकडे काल कुणी ढुंकून पाहत नव्हतं, त्याच्यावर आज तिघे-तिघे हक्क सांगू लागले. नव्या सरकारने म्हटलं, स्पेनच्या काळात ज्यांनी जमीन कसली असेल त्यांची ती कायम करू, पण पुरावा आणा. पुरावे तपासायला तीन आयुक्त गावोगाव फिरत होते. १८०६च्या सप्टेंबरात ते बेलरीव्हला आले आणि मला दुभाष्या म्हणून बसवलं. मी, आंत्वान, मालवाहू होड्यांवर सहा वर्षं काढलेला. इंग्रजीतल्या शिव्या आधी शिकलो, बाकीची भाषा मागून आली.

पहिल्याच दिवशी पेलाजी रूसँचा दावा निघाला.

पेलाजीमावशीला सगळा गाव ओळखायचा. पंचेचाळिशीची, उंच, हाडापेराने मजबूत बाई. मका, गहू, मधमाश्यांच्या पेट्या, दोन बैल, सगळं एकटी सांभाळायची. तिचा नवरा झेरोम आणि ती, दोघांनी १७९७च्या वसंतात ओढ्याकाठचं रान तोडून शेत काढलं होतं. स्पॅनिश अधिकाऱ्याने परवानगीची चिठ्ठी दिली होती. ती चिठ्ठी सरकारी दफ्तरात नोंदवायला झेरोम सेंट लुईला निघाला आणि वाटेत होडी उलटली. झेरोमही गेला आणि त्याच्या खिशातली चिठ्ठीही.

तिच्यासमोर उभा होता हायरम टॅलबट, जमिनी घेऊन विकणारा. त्याच्या हातात एक कागद होता. कुण्या मोजणीदाराने १७९९ साली लिहिलेला, की ओढ्याकाठची ही जागा अगदी पडीक असून तिथे माणसाची कसलीही खूण नाही, ना झोपडी, ना नांगर, ना झाडावर कुऱ्हाडीचा घाव. त्या आधारावर ती दुसऱ्याच कुणाला दिली गेली आणि त्याच्याकडून टॅलबटने घेतली. कागद खोटा होता हे गावातलं शेंबडं पोर सांगू शकलं असतं. पण गावकऱ्यांचे स्वतःचेच दावे पडून असल्याने त्यांची साक्ष धरली जात नव्हती, कागदावर शिक्का होता आणि मावशीकडे काहीच नव्हतं.

टॅलबटचा वकील फिनीस ग्रूम उठला. गुळगुळीत दाढी केलेला, बारीक आवाजाचा माणूस. तो म्हणाला, "ही बाई १८०२ नंतर तिथे येऊन बसलीय. घराचे खांब जुने दिसतात खरे, पण खांब काय, कुठूनही आणून रोवता येतात."

मी ते फ्रेंचमध्ये सांगितलं. मावशी ताडकन उठली.

"त्याला म्हणावं, तुझी जीभ पण कुठून तरी आणून रोवलेली दिसतेय! मी त्या जमिनीत नऊ वर्षं घाम गाळला, आणि हा मेला कालचा आलेला, ज्याच्या बुटांना अजून इथला चिखल लागला नाही, हा मला शिकवणार?"

मी आयुक्तांकडे वळलो. "बाई म्हणतात, त्यांना हे मान्य नाही."

मुख्य आयुक्त व्हर्जिनियाकडचे, टक्कल पडलेले म्हातारे गृहस्थ होते. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "इतकं बोलल्या आणि एवढंच?"

"फार नाराजीने मान्य नाही म्हणाल्या, साहेब."

मावशीने साक्षीला मादलेनला आणलं होतं. मादलेन शॉनी या इंडियन, म्हणजे मूळनिवासी, जमातीची, ओढ्याच्या वरच्या अंगाला राहायची. पाद्रीबाबांनी ठेवलेलं हे नाव. झेरोम आणि पेलाजी पहिल्यांदा तिथे आले तेव्हा महिनाभर हिच्याच घरी जेवले होते. पण ती पुढे आली तसा ग्रूमने हात वर केला. इंडियन बाईची शपथ कशी धरायची, ती बायबल मानते का, मालकीच्या प्रश्नात तिचा शब्द चालेल का, असं बरंच काही तो बोलला. आयुक्तांनी आपसात कुजबुज केली आणि सांगितलं, की साक्ष टिपून ठेवतो, पण नुसत्या तेवढ्यावर निकाल देता येणार नाही.

मादलेन मागे येऊन बाकावर बसली. "जमीन विकताना आम्हाला विचारलं नाही," ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आता ती कुणाची हेही विचारायचं नाही म्हणे." हे भाषांतर करायला मला कुणी सांगितलं नाही, तरी मी केलं. म्हाताऱ्या आयुक्तांनी मान खाली घातली.

मावशी उभीच होती. मला वाटलं आता ही रडणार. पण ती हळू आवाजात म्हणाली, "आंत्वान, यांना विचार, त्या कागदात काय लिहिलंय? झाडावर घाव नव्हता?"

मी विचारलं. ग्रूमने अभिमानाने ते वाक्य पुन्हा वाचून दाखवलं. एकाही झाडावर कुऱ्हाडीचा घाव नव्हता.

"मग चला माझ्याबरोबर," मावशी म्हणाली. "हद्दीच्या कोपऱ्यावरच्या ओकवर झेरोमने पहिल्याच वसंतात खूण कोरली होती. साल सोलून, आतल्या लाकडात. पुढे झाडाने ती गिळली. वर नवी साल आली. पण झाडाने ती खाऊन पचवली नसेल ना! आतच असेल. तिच्यावर किती वर्षांचं लाकूड चढलंय ते मोजा."

मुख्य आयुक्तांनी चष्मा काढला. त्यांच्या प्रांतातही जुन्या हद्दी अशाच शोधत असत. ते सोबत आलेल्या सरकारी मोजणीदाराला म्हणाले, "कुऱ्हाड घ्या."

निम्मा गाव मागे निघाला. कोस-दीड कोस रान तुडवत आम्ही ओढ्यावर पोचलो. तिथे घेरदार पांढरा ओक होता. मावशीने बुंध्याला हात लावला. "झेरोमने छातीच्या उंचीवर कोरलं होतं. इथे."

मोजणीदाराच्या माणसाने, लांब हातांच्या एका टेनेसीकराने, घाव घालायला सुरुवात केली. ढलप्या उडू लागल्या. हातभर लांब, वीतभर खोल खाच पडली. आत नुसतं स्वच्छ, सरळ लाकूड. मावशीने बाजूला दाखवलं, तिथेही तेच.

टॅलबट हसला. "अख्खं झाड पाडा हवं तर. बाईंना चुलीला लाकूड तरी होईल."

हे मी मावशीला सांगितलं नाही, पण तिला कळलं. ती पुन्हापुन्हा बुंध्यावरून हात फिरवत होती. "इथेच होती," ती पुटपुटली. "मी समोर उभी होते. त्याने टोपी काढून माझ्या डोक्यावर ठेवली होती. इथेच."

तेवढ्यात मादलेन गर्दीतून पुढे आली. झाडाच्या बुडाशी उभी राहिली, पायाने जमीन दाबून बघितली आणि मग ओढ्याकडे बोट केलं.

"पेलाजी, चार वर्षांपूर्वीचा पूर विसरलीस? ओढ्याने केवढा गाळ आणून टाकला. तेव्हा या झाडाची मुळं वर दिसायची. आपण त्यांच्यावर बसायचो." तिने आपल्या गुडघ्याला हात लावला. "झेरोमची छाती आता इथे आहे."

मावशीने डोळे विस्फारून जमिनीकडे पाहिलं. मग मटकन खाली बसली आणि बुंध्याचा खालचा भाग चाचपू लागली. एका जागी सालीची घडी जरा वेगळी होती, जखम भरून आल्यावर कातडीवर राहते तशी.

"इथे मार बाबा," ती टेनेसीकराला म्हणाली. "पण जपून."

त्याला फ्रेंच येत नव्हतं, पण त्याला ते समजलं. तो गुडघ्यावर बसला आणि छोटे छोटे घाव घालू लागला. वर एक, खाली एक. मग छिन्नी लावून त्याने सावकाश पाचर मारली. करकर आवाज झाला आणि लाकडाची जाड फळी सुटून त्याच्या हातात आली.

आत काळपट पडलेल्या जुन्या लाकडावर क्रूस होता. त्याच्याखाली दोन अक्षरं, झेरोमचं आणि पेलाजीचं. सुटलेल्या फळीच्या आतल्या अंगावर तीच अक्षरं उलटी उमटून वर आली होती, जसं काही झाडाने त्यांची नक्कल करून ठेवली होती.

लोहाराने टोपी काढली. मावशीने पुढे होऊन त्या अक्षरांवर बोट ठेवलं आणि एकदा त्यांच्या कडेने फिरवलं. "त्याचं पी नेहमी वाकडं यायचं," एवढंच म्हणाली.

आयुक्तांनी फळी उन्हात धरली आणि कडेच्या रेषा मोजायला सांगितल्या. टेनेसीकराने नखाने एकेक रेष मोजली. "दहा, साहेब. दहा वर्षं."

ग्रूम पुढे झेपावला. "दहा? अजिबात नाही! शेवटची रेष सालीची आहे, ती धरायची नाही. मला मोजू द्या." त्याने फळी हिसकावली, खिशातून भिंग काढलं आणि सगळ्यांसमोर मोठ्याने मोजायला लागला. एक, दोन, तीन. गावातली पोरंही त्याच्याबरोबर फ्रेंचमध्ये ओरडून मोजू लागली. "नऊ!" तो विजयाने म्हणाला. "नऊ आहेत. नोंद करा, नऊच."

"तुमची खात्री आहे?" आयुक्तांनी विचारलं.

"शपथेवर सांगतो."

"लिहून घ्या," आयुक्त कारकुनाला म्हणाले. "विरुद्ध बाजूच्या वकिलांनी स्वतः मोजून शपथेवर सांगितलं, की खूण नऊ वर्षांपूर्वीची आहे. म्हणजे १७९७. आणि त्यांच्याच अशिलाचा कागद म्हणतो, की १७९९ला इथे एकाही झाडावर घाव नव्हता." मग ते टॅलबटकडे वळले. "हा कागद माझ्याजवळ ठेवतो. याच्यावरचा शिक्का कुणी मारला, हे मला नीट बघायचंय."

मी फ्रेंचमध्ये सांगायला सुरुवात केली, पण वाक्य पुरं व्हायच्या आतच असा गलका उठला की ओढ्यावरची बदकं उडाली. लोहाराने मला खांद्यावर उचललं. का ते त्यालाही माहीत नव्हतं. ग्रूम भिंग हातात धरून तसाच उभा होता आणि टॅलबट त्याला इंग्रजीत जे बोलत होता, ते मी होड्यांवर सगळ्यात आधी शिकलो होतो.

कारकुनाने विचारलं, जमीन कुणाच्या नावावर लिहायची? कै. झेरोम रूसँ यांची विधवा, असं लिहू का?

मावशीने माझं ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली. "झेरोमने माझ्याबरोबर तोडलं रान, ते खरं. पण पाच वर्षं एकटी मी राबतेय. लिहा, पेलाजी रूसँ. आणि आंत्वान, त्याला हेही सांग, की ओढ्याच्या वरच्या अंगाचा तुकडा, जिथे मादलेनचं घर आहे, तो ती जिवंत असेपर्यंत तिचा. हेही त्याच कागदात. माझी जमीन आहे ना आता? मग मी म्हणेन तसं."

आयुक्त हसले. "घ्या लिहून."

मादलेनने तिच्याकडे पाहिलं. "साक्ष नाही चालली माझी," ती म्हणाली.

"वकिलाला नाही चालली," मावशी म्हणाली. "झाडाला चालली."

दुसऱ्या दिवशी आयुक्तांच्या दारात अकरा कुटुंबं उभी होती. कुणाला आजोबांनी विहिरीजवळच्या झाडावर कोरलेलं नाव आठवलं होतं, कुणाला कुंपणाच्या अक्रोडावरची बाणाची खूण. आठवडाभर बेलरीव्हच्या रानात कुऱ्हाडींचे आवाज घुमत होते. अकरांपैकी नऊ दावे मान्य झाले. टॅलबट तोवर नदीपलीकडे निघून गेला होता.

पश्चिमेला जाणारे तराफे आणि गाड्या येतच राहिल्या. त्यांच्यातल्या कित्येकांनी पहिली रात्र मावशीच्या कोठारात काढली, तिच्याच गव्हाचं बियाणं घेऊन ते पुढे गेले. मादलेन पुढे सतरा वर्षं, मरेपर्यंत, त्या ओढ्यावर राहिली. तिच्या जमातीतल्या बाकी बहुतेकांना तेवढ्या काळात पश्चिमेला रेटून पाठवलं होतं, पण तिच्या घराला कुणी हात लावू शकलं नाही.

मला मात्र सगळ्यात जास्त आठवतो तो मोजणीचा दिवस. निकालानंतर दोन आठवड्यांनी मोजणीदार लोखंडी साखळी घेऊन आला. मावशी सकाळपासून साखळीच्या पुढे चालत होती. काटेरी झुडपं, चिखल, ओढा, कशालाच तिने वळसा घातला नाही. गाव मागून गात चाललं होतं आणि टेनेसीकर साखळी ओढता ओढता ते गाणं चुकीच्या उच्चारात म्हणत होता. दुपार कलली तेव्हा चौथी बाजू पुरी झाली. साखळीचं शेवटचं टोक जमिनीवर टेकलं. मावशीने तिथे दोन्ही पाय रोवले, चिखलाने भरलेला घागरा झटकला आणि आम्हा सगळ्यांकडे वळून म्हणाली, "काय बघत उभे राहिलात? चला, जेवायला चला."