बंद कॅप्सूलमधला पिवळा

मी पिवळा रंग बोलतोय. फुलातला नव्हे, कारखान्यातला. चव नाही, वास नाही. सरबतात, बिस्किटांत, औषधांत नुसतं दिसायचं, एवढंच माझं काम. लाखो जणांच्या पोटात गेलो, पण कुणी ओळख दाखवली नाही.

ओळखलं ते घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका बाईनं. खरं तर तिच्या कातडीनं.

तिच्या अंगावर पित्त उठायचं. मनगटापासून मानेपर्यंत लालभडक चट्टे, खाजणाऱ्या गांधी. बोटं इतकी सुजायची की चिमट्यात स्क्रू धरवत नसे. सासू म्हणायची, "मनाला लावून घेतेस, म्हणून उठतं." नवऱ्यानं अंडी बंद केली, शेंगदाणे बंद केले, साबण बदलला. सगळं साप समजून भुई धोपटणं! पित्त बसावं म्हणून तो रोज आठवणीनं दोन गोळ्या तिच्या हातावर ठेवी. त्या गोळ्यांचा पिवळेपणा म्हणजे मीच.

एका दुपारी तिचे ओठ सुजले, श्वास कोंडला. नवऱ्यानं तिला घेऊन दवाखाना गाठला.

इंजेक्शननं ती सावरली. डॉक्टरीणबाईंनी गोळ्यांचं पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. "आजपासून गोळी पांढरी. आणि खाण्यात असला रंग नको."

"रंगानं काय होतंय?" नवरा म्हणाला.

"तेच बघू या."

तीन आठवडे एकही गांध उठली नाही. मग दवाखान्यातच, इंजेक्शन भरून हाताशी ठेवून, परीक्षा झाली. दोन दिवस, दोन सारख्याच पांढऱ्या कॅप्सूल. एकीत साखर, दुसरीत कणभर मी. कुठली कधी, हे तिला सांगितलं नव्हतं.

पहिला दिवस कोरडा गेला. दुसऱ्या दिवशी मी आत उतरलो. तिथे मिट्ट काळोख. काळोखात कसला आलाय रंग! तरी तासाभरात तिच्या मनगटावर लाल ठिपका उमटला, मग दुसरा, मग रांगच. मी थक्क झालो. जिला डोळे नाहीत, त्या कातडीनं मला अंधारात हुडकून काढलं होतं!

बाई मनगटाकडे बघतच राहिली. "अहो, म्हणजे माझ्या मनाचे खेळ नव्हते."

"आणि मीच तुला रोज देत होतो गं," नवरा म्हणाला.

आता त्यांच्या घरात मला थारा नाही. दुकानात तो प्रत्येक डबी उलटी करतो, मुंगीएवढ्या अक्षरांत मला शोधतो आणि सापडलो की डबी परत ठेवतो. मला राग येत नाही. बहुतेकांना मी चालतो. पण एखादं अंग इतकं जागं असतं की तिथे विचारल्यावाचून शिरण्याची मलाच भीती वाटते. डबीवर माझं नाव ठळक लिहा, बाबांनो. मला चोरपावलांनी पाठवू नका.