केबलचा दोष

हॉस्पिटलात सगळे तिला सर्व्हरबाई म्हणत. तळमजल्यावर एक्स-रेच्या मागे एक बिनखिडकीची खोली होती. तिथे दोन रॅक, एक घरघरणारा एसी आणि ती. लॅबचे रिपोर्ट, एक्स-रेच्या फिल्म, औषधांच्या याद्या, सगळं तिच्या लिनक्स सर्व्हरवरून वरच्या चार मजल्यांवर जायचं. अकरा वर्षांत ते फारसं कधी अडलं नव्हतं. याचा तिला भारी अभिमान होता, आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर.

त्या महिन्यात हॉस्पिटलने जुन्या केबल काढून नव्या टाकायला घेतल्या. काम एका वायरमनकडे होतं. पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. केबल तो ओढायचा आणि टोकाचे कनेक्टर त्याची बायको बसवायची. जिन्याच्या पायरीवर बसून ती आठही तारा रंगाप्रमाणे बोटांत सरळ करायची आणि पकडीने एकदाच दाबायची. त्याच आठवड्यात सर्व्हरबाईने आपल्या खोलीतला जुना स्विच, म्हणजे सगळ्या केबल जिथे येऊन जुळतात तो डबा, काढून नवा लावला.

सोमवारी सकाळी लॅबचा फोन आला. रिपोर्ट उघडत नव्हते. पाठोपाठ ऑपरेशन थिएटरमधून सर्जन ओरडला, "पेशंट टेबलावर आहे आणि फिल्म अर्धीच दिसतेय!"

तिने पिंग करून, म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारून पाहिलं. उत्तर चटकन आलं. लहानसहान काही पाठवलं की जायचं; मोठी फाइल निघाली की मध्येच रखडायची. सर्व्हरच्या नेटवर्क कार्डाचे आकडे काढले, तर वाटेत खराब झालेल्या डेटाच्या पॅकेट्सचा आकडा बघता बघता हजारोंनी चढत होता.

"केबल," ती म्हणाली आणि तडक जिन्याकडे गेली.

वायरमनने ऐकून घेतलं. पिशवीतून कागद काढले. "मॅडम, प्रत्येक केबल टेस्टरवर पास झालीय. हे बघा. हवं तर तुमच्यासमोर परत लावतो."

"तुमचा टेस्टर तुमच्यापाशी ठेवा! वर माणूस टेबलावर पडलाय." व्हरांड्यात नर्स होत्या, नातेवाईक होते, औषधवाला होता. ती थांबली नाही. "जिन्यात बसून भाजी निवडल्यासारखे कनेक्टर बसवले की दुसरं काय होणार?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. बायकोचा हात जागच्या जागी थांबला. वायरमनचा चेहरा लालबुंद झाला. "मला काय बोलायचं ते बोला. तिच्या कामाला नावं ठेवू नका."

दुपारी तिने हॉस्पिटल चालवणाऱ्या मोठ्या डॉक्टरांना आणि सगळ्या विभागप्रमुखांना मेल टाकली: निकृष्ट काम, पेशंटच्या जिवाशी खेळ. संध्याकाळपर्यंत वायरमनचं काम गेलं. मागच्या नव्या इमारतीचं त्यालाच मिळणार होतं, तेही गेलं.

सर्व्हर मात्र सुधारला नाही. तिने सर्व्हरची केबल बदलून हाताशी होती ती लावली. मग कार्डच बदललं, ते चालवणारा ड्रायव्हर प्रोग्रॅम काढून पुन्हा घातला. आकडा पुन्हा शून्यापासून चढायला लागला. दोन आठवडे ती सगळ्यांवर खेकसत होती. घरी नवऱ्याने नुसतं "जेवतेस ना?" विचारलं तरी अंगावर धावून जायची. शेवटी दुसऱ्या कंपनीचा माणूस येऊन सर्व्हरपर्यंत कोरी केबल टाकून गेला. अर्ध्या तासात तेच रडगाणं. तिने त्याला फोन करून परत बोलावलं आणि फैलावर घेतलं.

"बाई, ही तिसरी केबल," तो हत्यारं गोळा करत म्हणाला. "केबल बिचारी अजून काय करणार?" आणि निघून गेला.

तिने दार धाडकन लावलं आणि इतके दिवस जे केलं नव्हतं ते केलं. सर्व्हर सोडून स्विचच्या बाजूने बघितलं. सर्व्हरच्या पोर्टसमोर लिहिलं होतं: वेग शंभर, हाफ डुप्लेक्स. म्हणजे एका वेळी एकानेच बोलायचं. खाली टकरींचा आकडा, भलामोठा.

मग तिने सर्व्हरवर तीच कमांड दिली, जी दोन आठवड्यांत चाळीसदा दिली असेल. दर वेळी तिची नजर थेट चुकांच्या आकड्यावर जायची. आज पहिल्या ओळीपासून वाचलं. वेग शंभर, फुल डुप्लेक्स, ऑटो बंद, म्हणजे समोरच्याशी आपोआप जुळवून घेणं बंद. सर्व्हर समजत होता की दोघांनी एकदम बोललं तरी चालतं. स्विच समजत होता की पाळीपाळीने बोलायचं. दोघं एकमेकांचं बोलणं तोडत बसले होते. केबलचा यात काडीचा संबंध नव्हता.

ऑटो बंद कोणी केलं? सर्व्हर सुरू होताना वाचतो त्या फाइलमध्ये शोधलं. ओळ सापडली. शेजारी टीप होती: "जुन्या स्विचशी ऑटो जमत नाही, तात्पुरतं बंद." तारीख सहा वर्षांपूर्वीची. खाली तिचीच आद्याक्षरं.

जुन्या स्विचवरही तिने तेव्हा हाताने तेच घातलं होतं, म्हणून सहा वर्षं सुरळीत चाललं. नव्या स्विचवर ते घालायचं राहिलं, आणि सर्व्हरकडून काही कळेना म्हणून त्याने आपलं हाफ धरलं. नवं कार्ड जुन्याच नावाने उभं राहिलं, म्हणून ही ओळ त्यालाही लागू झाली.

तिने ओळ खोडली. कार्ड बंद करून चालू केलं. हजार, फुल. फिल्म क्षणात उघडली. खराब पॅकेट्सचा आकडा जागेवरून हलेना. तिचे कान तापले होते. आणि राग काढायला खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

मोठे डॉक्टर खूश झाले. "सुटला ना प्रश्न? छान. अपडेट टाकलं म्हणून सांगून टाका."

"आणि वायरमन?"

"त्याचं काय? झालं गेलं. आता कशाला उकरून काढता?"

"सर, ज्यांना ज्यांना त्याची तक्रार पाठवली, त्या सगळ्यांना मी खरं काय ते कळवणार आहे."

"माझंही नाव येईल त्यात."

"काम काढून घेतल्याच्या कागदावर सही तुमचीच आहे," ती म्हणाली. आवाज चढला होता, आणि या वेळी तिने तो आवरला नाही. "तुम्ही मला विचारलं नाहीत, मी त्याला विचारलं नाही. काम त्याला परत द्या. मला काय नोटीस द्यायची ती द्या."

मेल पाठवून ती वायरमनच्या घरी गेली. एका दुकानावरची दोन खोल्यांची जागा. दारातच केबलची खोकी रचलेली. दार बायकोने उघडलं. बसा म्हणाली नाही.

"आता काय काढायला आलात?"

सर्व्हरबाईने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. चूक कुठे होती, कोणाची होती, काम परत द्यायला सांगितलंय हेही.

"टेस्टरचे चौदा कागद होते," बायको म्हणाली. "एक तरी उलटलात?"

"नाही."

"लोक हसले त्या दिवशी. दुसऱ्या दिवशी एका दुकानात काम होतं. कनेक्टर बसवताना मी तारा मोजत होते. बावीस वर्षांत कधी मोजल्या नव्हत्या."

सर्व्हरबाईने पाठवलेली मेल फोनवर उघडली. तिने फोन पुढे केला. बायकोने मेल सावकाश, शेवटपर्यंत वाचली.

"यात भाजीचं नाही."

"नाही."

"तेही लिहा. सगळ्यांसमोर बोललात ना?"

तिथेच दारात उभं राहून सर्व्हरबाईने दुसरी मेल लिहिली. आपण काय बोललो ते शब्द न गाळता लिहिलं, बायकोला दाखवलं आणि पाठवलं. आतून वायरमन बाहेर आला. त्याने एवढंच विचारलं, "काम परत देतायत ते तोंडी, की कागदावर?"

"कागदावर. मी आणून देते."

"मग बघू."

कागद मिळायला नऊ दिवस लागले. तिला नोटीस त्याआधीच मिळाली. वायरमन आणि त्याच्या बायकोने राहिलेलं काम पूर्ण केलं, मागची इमारतही केली. वायरमन तिच्याशी कामापुरतं बोलायचा. त्याची बायको तेवढंही बोलायची नाही, आणि सर्व्हरबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही.