आईच्या गाडीचे ब्रेक

आई मोटर चालवायला शिकवायची. गल्लीतल्या शिंपीणबाईंपासून दवाखान्यातल्या नर्सपर्यंत कितीतरी बायका तिच्या काळ्या गाडीवर शिकल्या. शाळा सुटली की मी मागच्या सीटवर बसून गृहपाठ करायचो. गाडी आचके देत बंद पडली की वही पायाशी, पेन्सिल सीटखाली. आई शांतपणे म्हणायची, "काही बिघडलं नाही. पुन्हा लाव." तापलेल्या ब्रेकचा जळका वास आला की मला आजही सहावीतली गणितं आठवतात.

बासष्टाव्या वर्षी तिनं गाडी सोडली. त्या दिवशी ती एकटीच होती. उतारावर ब्रेक दाबला, गाडी थांबेना, म्हणून तिनं ती सरळ एका कुंपणाच्या भिंतीवर घातली. कुणाला खरचटलंही नाही. पण मी धावत पोचलो आणि जमलेल्या लोकांसमोर बोलून गेलो, "आई, पुरे आता. पाय ऐकत नाहीत तुझे."

तिनं मुकाट्यानं किल्ली माझ्या हातावर ठेवली. गाडी ओढून आणून शेडमध्ये लावली, ती वीस वर्षं तिथेच. ब्रेक तपासावेत असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

यंदा मी निवृत्त झालो आणि गाडी दुरुस्तीला काढली. आई खुर्ची टाकून समोर बसली. तीन चाकांचे ब्रेक-ड्रम निघाले, पुढचं डावं मात्र दाद देईना. मी हातोडी उगारली.

"अरे, फोडशील! आधी मागच्या भोकातून आतले ब्रेक-शू सैल कर. मग लाकडी हातोडीनं कडेकडेनं ठोक."

"तुला हे कुणी शिकवलं?"

"तुझे बाबा कधी गाडीखाली शिरले होते का? मग कोण करणार?"

ड्रम निघाला. मी फुंकर मारणार तोच ती ओरडली, "फुंकू नकोस! ती धूळ छातीत जाते. ओल्या फडक्यानं पूस."

बाकीच्या तिन्हींत कोरडी तपकिरी भुकटी होती. इथे फडक्याला डांबरासारखं काहीतरी चिकटलं. तारेच्या ब्रशनं गंज निघाला, पण आतल्या रेघोट्या जाईनात. म्हणून ड्रम आणि शू घेऊन लेथवर लोखंड कातून देणाऱ्या काकांकडे गेलो. त्यांनी शूवरचा थर नखानं खरवडला, हुंगला.

"ब्रेक ऑइल. उभ्या गाडीत गळलं असतं तर नुसतं ओघळलं असतं. हे चालत्या गाडीत गळलंय, तापून जळलंय. ब्रेक लागलेच नसणार."

घरी येऊन त्या चाकाचा ब्रेक-सिलिंडर उघडला. आतलं रबर फाटलेलं होतं. मी आईला सगळं सांगितलं. तिनं शू हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवला.

"पेडल पार तळाला गेलं होतं रे. मला वाटलं, मीच नीट दाबलं नाही."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"तू बोललास ना."

माझी मान खाली गेली. "चुकलं माझं, आई."

"हं." तिनं शू फडक्यावर ठेवला आणि विचारलं, "काका ड्रम किती कातणार आहेत?"

"केसभर."

"तेवढा चालेल."

पंधरा दिवस आमचं हेच चाललं. मी ड्रम घासायचे, बाहेरून काळा रंग द्यायचा, आतून एक थेंब तेल राहू द्यायचं नाही, आणि आईनं चष्मा लावून चुका काढायच्या. नवी रबरं आली, शूवर लायनरचे नवे पट्टे बसले. एका सकाळी तिनं दोन उशा मागितल्या, स्टिअरिंगमागच्या सीटवर रचल्या आणि बसली. लायसन्स केव्हाच संपलेलं, त्यामुळे अंगणातच. फाटकापर्यंत गेली, थांबली. मागे आली, थांबली. असं चारदा. माझी बायको पायरीवर उभी राहून टाळ्या वाजवत होती. मला मात्र समोरचं धूसर दिसायला लागलं होतं.

आईला उतरताना गुडघे दुखले. माझा हात धरून ती खाली आली आणि म्हणाली, "डावीकडे जरा ओढतेय. उद्या बघ."