ठिपक्यांचा कोट

लान नदीकाठच्या त्या गावात वेसनर कंपनीचे कॅमेरे बनत. महाग म्हणजे किती महाग, तर गिऱ्हाईक आधी बायकोला विचारी, मग बँकेला. कंपनीने पुढे काय करावं याचा सल्ला घ्यायला त्या शनिवारी चाळीस जुन्या गिऱ्हाइकांना बोलावलं होतं.

इर्मट्राऊट सायबेल कोपऱ्यातल्या टेबलाशी करडा कोट घालून बसली होती. आलेल्यांचे कॅमेरे फुकट साफ करून द्यायचे, एवढंच तिचं काम. एकेचाळीस वर्षं ती दुरुस्ती विभागात होती. नाताळात तो विभाग बंद होणार हे तिला सोमवारीच कळलं होतं, पण तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. स्वतःसाठी भांडणं तिला कधी जमलंच नाही.

संचालक टिलमान यांनी फळ्यावर रंगीत कार्डं टोचली: हलकं वजन, मोठा पडदा, चलचित्र, फोनशी जोडणी. प्रत्येकाला पाच गोल चिकट ठिपके दिले.

"जे हवं त्या कार्डावर लावा. जिथे ठिपके जास्त, ते काम आधी. नियम म्हणजे नियम!"

निवृत्त धुराडेवाले आकरमान फळ्यापुढे बराच वेळ उभे राहिले. चाळीस वर्षं लोकांची धुराडी साफ करताना त्यांनी छपरांवरून फोटो काढले होते.

"माझं कार्ड नाही यात."

"कुठलं हवं होतं?"

"दुरुस्तीचं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" त्यांनी पाकिटातून पिवळी पडलेली चिठ्ठी काढून वाचली. "'महिन्यातून एकदा फिल्म न घालता कळ दाबा, नाहीतर आतला पडदा आखडेल. सायबेल.' छपरावरून पडलेला माझा कॅमेरा त्या कोपऱ्यातल्या बाईंनी जिवंत केला. चिठ्ठी मी सव्वीस वर्षं पाळतोय. बायकोचंसुद्धा एवढं ऐकलं नाही!"

खोलीत हशा पिकला. आकरमान तरातरा कोपऱ्यात आले.

"सायबेलबाई, परवानगी आहे?"

तिने नकळत हात पुढे केला. त्यांनी पाचही ठिपके तिच्या बाहीवर चिकटवले.

मग मागून एक बाई उठल्या. त्यांच्याही पर्समध्ये तिची चिठ्ठी होती. मग रांगच लागली. कोणी खांद्यावर लावी, कोणी खिशावर, आणि प्रत्येक जण हळूच "आभारी आहे" म्हणे. शेवटी फळ्यावर फक्त नऊ ठिपके होते, बाकी सगळे तिच्या कोटावर. इर्मट्राऊटच्या डोळ्यांना धार लागली, आणि तिने ती पुसलीही नाही.

"हे काही रीतीला धरून नाही," टिलमान पुटपुटले.

"नियम तुमचाच, साहेब," आकरमान म्हणाले.

टिलमान यांनी कोटाकडे पाहिलं, फळ्याकडे पाहिलं. मग कोरं कार्ड घेऊन त्यावर 'दुरुस्ती' लिहिलं आणि सगळ्यांच्या वर टोचलं. "विभाग बंद करायचा कागद सोमवारी फाडतो. पण बाई, हाताखाली दोघांना शिकवावं लागेल."

"चौघांना शिकवते," ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदाच तिने समोरच्याने मागितल्यापेक्षा जास्त कबूल केलं होतं.

आता बैठकीची नोंद म्हणून फळ्याचा फोटो काढायचा होता. ठिपके कोटावर असल्याने तिलाही शेजारी उभं केलं. हजारो कॅमेरे तिच्या हातांखालून गेले, पण त्यांच्यासमोर ती कधी उभी राहिली नव्हती. हात कुठे ठेवावेत तेही कळेना.

"हसा की!" म्हणत आकरमान यांनी आपला तोच छपरावरून पडलेला कॅमेरा डोळ्याला लावला आणि कळ दाबली.

आवाज स्वच्छ होता, कुठेही अडखळ नाही. इर्मट्राऊटने तो लगेच ओळखला, आणि हसली.