दीड हंडा पाणी

टेंभुर्णीच्या कल्याणची मोटरहोम मला आवडली ती तिच्यातल्या संडासामुळे. हे सांगायला मला लाज वाटत नाही. जुन्या मिनीबसच्या पोटात पलंग, ओटा, पंखा असं सगळं बसवलेलं होतं, पण मी आत शिरले ती थेट मागच्या कोपऱ्यातल्या त्या छोट्या दाराशी गेले. कडी लावून पाहिली. आतून घट्ट लागत होती. माझ्यापुरती तपासणी तिथंच संपली.

गजाननची अजून सुरूही झाली नव्हती. (नवऱ्याचं नाव मी निवृत्तीनंतर घ्यायला लागले. त्याला अजून सवय व्हायची आहे.) पाटबंधारे खात्यात बत्तीस वर्षं फायली तपासल्यामुळे त्याला कुठल्याही कागदात खोट सापडते. इथं सापडली नाही. मग त्याने जालन्याहून सोबत आणलेल्या भागवत मेकॅनिकला पुढे केलं. भागवतने इंजिन ऐकलं, गाडीखाली सरपटत जाऊन गंज पाहिला, गाडी गावाबाहेर पळवून आणली. सगळं उत्तम. फक्त टप गळतो की नाही ते सांगता येत नाही, म्हणाला. हवेसाठी झरोका कापलाय, सोलर बसवायला भोकं पाडलीत. तिथून पाणी झिरपलं तर लाकूड आतल्या आत कुजतं आणि वरून काही दिसत नाही. एक तर पावसाची वाट बघा, नाहीतर टपावर अर्धा तास पाणी ओता.

दिवस मे महिन्यातले. गावात नळाला आठवड्याने पाणी येत होतं. पण कल्याणला गाडी विकायची घाई होती. पर्यटकांना भाड्याने द्यायला म्हणून त्याने ती घेतली होती आणि वर्षभरात चार माणसंही फिरकली नव्हती. त्याने खासगी टँकर मागवला. टँकर गल्लीत वळला आणि बाया हंडे घेऊन धावत आल्या. त्यांना वाटलं, पाणी त्यांच्यासाठी आलंय. ते गाडीवर ओतायला आणलंय हे कळल्यावर त्यांनी हंडे खाली ठेवले. भांडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सगळ्यांत पुढे सगुणाबाई उभ्या होत्या. मी अंगणवाडीची पर्यवेक्षिका होते तेव्हा त्या इथल्या अंगणवाडीत मदतनीस होत्या. त्यांनी पदर सारखा करून मला नमस्कार केला, पण हसल्या नाहीत.

मी गजाननला म्हटलं, राहू दे, पावसाळ्यात बघू. तोड सगुणाबाईंनीच काढली. पाणी खुशाल ओता, म्हणाल्या, पण गाडीच्या चारी बाजूंनी ताडपत्री लावू आणि उतरेल तेवढं हंड्यात घेऊ. जनावरांना होईल, धुण्याला होईल. टँकरवर भांडणं नकोत म्हणून गल्लीतल्या सगळ्यांचे हंडे एकाच मापाचे होते. त्या स्वतः टँकरच्या नळाशी बसल्या आणि प्रत्येक हंड्याला मोठ्याने आकडा म्हणू लागल्या. कल्याण शिडीवर, भागवत टपावर. असे वीस हंडे चढले.

पाणी पडत होतं तेव्हा मी आणि गजानन आत बॅटरी घेऊन भिंती चाचपत होतो. एक थेंब नाही. भागवतनेही येऊन सगळीकडे हात फिरवला आणि गाडी पास करून टाकली. कल्याणचा चेहरा खुलला. त्याच्याहून माझा खुलला. मी तर मनातल्या मनात कन्याकुमारीला जाऊनही आले.

बाहेर बाया ताडपत्रीची टोकं उचलून उरलंसुरलं पाणी हंड्यात उतरवत होत्या.

"मॅडम," सगुणाबाई म्हणाल्या, "वर ईस हंडे गेले. खाली साडेअठराच आले. मंग दीड हंडा कुठं गेला?"

कल्याण म्हणाला, ऊन आहे, वाळलं असेल, थोडं सांडलं असेल.

"अर्धा हंडा त्याचा सोड," त्या म्हणाल्या. "एक हंडा बराबर ह्या गाडीत हाय."

कागद वाचणारा माझा नवरा, इंजिन ऐकणारा मेकॅनिक, कोणालाच हे सुचलं नव्हतं. भागवत गुमान आत गेला आणि टपाचा उतार होता त्या मागच्या कोपऱ्यातली प्लायवूडची पट्टी उचकटली. ऊन अडवायला आत भरलेला स्पंज पाण्याने टम्म फुगला होता. खालची लाकडी जमीन काळी पडली होती आणि इतकी मऊ की पान्याचा दांडा तिच्यात सहज घुसला. माझ्या त्या कडीच्या दाराआडचीच जमीन. आत बसले असते तर एखाद दिवशी थेट रस्त्यावर पोचले असते.

कल्याणला हे ठाऊक नव्हतं, त्याच्या तोंडावरून दिसत होतं. मला मात्र रडू आलं. साठीची बाई, गाडीच्या पायरीवर बसून सगळ्यांसमोर रडले. गजानन समजूत घालू लागला की बरं झालं, वाचलो. मला वाचायचं नव्हतं, मला जायचं होतं.

सगुणाबाईंनी तांब्याभर पाणी आणून पुढे धरलं. सवयीने मी नको म्हणून हात हलवला.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. "न्हाईच घ्यायच्या तुम्ही. अठरा वर्सं दर खेपेला पाणी दिलं, एकदाबी घेतलं न्हाई. आमच्या हातचं चालत न्हाई मॅडमला, असंच समजून गेल्ते मी."

इतकी वर्षं ही बाई हे मनात ठेवून माझ्यासमोर तांब्या धरत होती.

"अहो सगुणाबाई," मी म्हटलं, "मी कोणाच्याच हातचं प्यायचे नाही. दिवसाला चार-पाच गावं फिरायची, मध्ये बाईमाणसाला जायला जागा कुठं होती? सकाळी घर सोडलं की संध्याकाळपर्यंत कोरडी. ह्या गाडीत जागा होती, म्हणून मला ती हवी होती."

बायांना पुढचं समजावून सांगावं लागलं नाही. एकदोघींनी नुसती मान हलवली. समजायचं राहिलं होतं ते गजाननला. आमच्या उमाला, म्हणजे मला, प्रवासात तहानच लागत नाही, हे तो चौतीस वर्षं लोकांना कौतुकाने सांगत आलाय.

तो गाडीच्या पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसला. मग कल्याणला म्हणाला, भिंत, जमीन, टप, सगळं नीट करून घे. पुन्हा पाणी ओतू. साडेएकोणीस हंडे खाली आले तर गाडी आम्ही घेतो, आणि मोजायला सगुणाबाईच बसतील. कल्याण हो म्हणाला.

"पी," गजानन मला म्हणाला. "लागेल तिथं थांबू."

मी तांब्या उचलला आणि तिथंच रिकामा केला. सगुणाबाईंनी न विचारता परत भरला. तोही प्यायले.

जालन्याला परतताना राजूरच्या अलीकडे मी त्याला आमची गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याच्या कडेला एकच घर होतं, अनोळखी. मी उतरायच्या आधी गजानन उतरला. त्याने दार वाजवलं आणि बाहेर आलेल्या बाईला, मान खाली घालून, माझ्यासाठी विचारलं.