गाण्याची राखण

माझ्या नणंदेला घरात सगळे चिमणी म्हणतात. तिशी गाठली तरी चिमणीच. ती स्वतः गाणी लिहिते, स्वतः चाली लावते, स्वतःच रेकॉर्ड करते आणि मग ती लोकांच्या कानापर्यंत पोचवायची उस्तवारही स्वतःच करते. पाठीशी कुठलीही कंपनी नाही. म्हणजे प्रत्यक्षात काय, तर मागच्या खोलीतल्या भिंतींना तिने जुन्या गाद्या टेकवल्यात, आणि ती आत शिरली की मी मिक्सर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही आणि शिंक आली तर बाल्कनी गाठायची. लग्न करून मी सासरी आले की आकाशवाणीत, असा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

तिचं जे गाणं गाजलं, त्याची चाल मात्र तिची नव्हती. ती सासूबाईंची.

सासूबाई आमच्या पुढच्या खोलीत पाळणाघर चालवायच्या. दुपारी जेवणं झाली की पोरांना ओळीने गाद्यांवर आडवं करायचं, पडदे ओढून अंधार करायचा आणि ही चाल गुणगुणायची. चाल त्यांची स्वतःची होती. शब्दही त्याच जुळवायच्या, कधी एक ओळ जास्त, कधी कमी. कुणी कौतुक केलं तर म्हणायच्या, "पोरं झोपतात ना, मग झालं." सासूबाई अचानक गेल्या. चिमणीने त्यानंतर कितीतरी दिवस तोंडातून सूर काढला नाही, आणि काढला तो हाच. त्या चालीवर तिने आपले शब्द बांधले, गाणं टाकलं आणि ते असं काही पसरलं की आम्हालाच कळेना.

पण आईचा आवाज आमच्याकडे कुठेच नव्हता. गाण्याच्या घरात हे सांगायला लाज वाटते. चिमणीने रस्त्यावरच्या भंगारवाल्याची हाळी रेकॉर्ड केलीय, पंख्याची कुरकुर केलीय, माझ्या भांड्यांचा आवाजसुद्धा केलाय, आणि आईचं राहून गेलं. आई काय, घरातच होती. कधीही करता आलं असतं. आता तिचा पहिला अल्बम निघायचा होता आणि त्यात शेवटच्या गाण्याआधी तिला आईचा आवाज हवा होता.

"वहिनी, दोन ओळी मिळाल्या तरी पुरे गं," ती मला म्हणायची. "नुसती खोकली असेल तरी चालेल."

आम्ही घर पालथं घातलं. नातेवाइकांचे फोन धुंडाळले. माझ्या लग्नाच्या व्हिडिओत सासूबाई एकदा कॅमेऱ्याकडे बघून काहीतरी बोलतात, पण मागे बँडवाले असे पेटलेत की फक्त ओठ हललेले दिसतात. चिमणी तो तुकडा पुन्हा पुन्हा बघायची. शेवटी मीच तो तिच्या फोनमधून काढून टाकायला लावला, कारण बघून झालं की ती जेवायची नाही.

गाणं पसरलं तसे चोरही आले. कुणी ते साबणाच्या जाहिरातीला लावलं, कुणी कुत्र्याच्या पिल्लांना. एका महाभागाने तर आपलंच म्हणून गायलं आणि खाली लिहिलं, 'माझ्या काळजातून.' चिमणी हसण्यावारी न्यायची, पण रात्री डोळे लाल. तेव्हा माझा नवरा, म्हणजे तिचा दादा, कंबर कसून पुढे आला.

नवऱ्याबद्दल सांगायला हवं. तो औषधांच्या गोदामाचा मुख्य आहे. एक खोकं जागेवर नसलं तर त्याला घास गिळवत नाही. गाण्यातलं त्याला काही कळत नाही, पण राखण कशी करायची ते बरोबर कळतं. त्याने एका कंपनीकडे चिमणीचं गाणं नोंदवलं. तिथलं यंत्र जगभर फिरून त्या चालीशी जुळणारं जे सापडेल ते पुढ्यात आणून ठेवतं. आपण फक्त ठरवायचं, राहू दे की काढून टाका. गोदामातून आला, हातपाय धुतले, चहाचा कप घेतला की हा जेवणाच्या टेबलाशी बसायचा आणि एकेकाला उडवत सुटायचा. चिमणीच्या परवानगीने वापरलेलं असेल तर राहू दे, बाकी सगळं काढा.

एकच गोष्ट विचित्र होती. हे सगळं तो आवाज बंद ठेवून करायचा.

मी एकदा म्हटलं, "अरे, गाण्याची चोरी पकडतोस आणि गाणं ऐकत नाहीस? पोलिसाने डोळे मिटून पहारा द्यावा तसं झालं हे."

तो फोनवरून नजर न काढता म्हणाला, "मला ती चाल ऐकवत नाही. आई समोर येते."

आई गेल्यावर हा माणूस एकदाही रडला नव्हता. कागदपत्रं, बँका, सगळं झटपट उरकलं. त्यांचा फोन सगळं पुसून कुणाला तरी देऊन टाकला, नंबरसुद्धा लगेच बंद करून टाकला. कुणी चुकून लावला आणि तो वाजला तर, याचीच त्याला धास्ती होती.

एका संध्याकाळी जेवताना तो भलताच खुशीत होता.

"आज मोठा मासा गळाला लागला. तोंड दाखवायचीही हिंमत नाही बेट्याची. नुसता काळा पडदा, आणि एकाच चॅनलवर पाच-सहा ठिकाणी आपली चाल. सगळ्यांवर तक्रार ठोकली. आज बघतो तर चॅनलच बंद!"

"दादा, तू नसतास तर मला लोकांनी विकून खाल्लं असतं," चिमणी म्हणाली आणि आपल्या ताटातला पापड त्याच्या ताटात ठेवला.

त्यानंतर काही दिवसांनी तिला एका अनोळखी बाईचा निरोप आला. मी कणीक मळत होते. गाणं आवडल्याचे निरोप ती मला नेहमी वाचून दाखवते, तसाच हाही हसत हसत वाचायला लागली.

"'ताई, तुमचं गाणं छान आहे. पण राग मानू नका, आमच्या छकुलीला ते नको असतं. तिला आजीचंच लागतं. आम्ही तुमच्या शहरात होतो तेव्हा ती एका पाळणाघरात जायची. बदली झाली, आणि त्या आजीच्या गाण्याशिवाय ती झोपेचना. म्हणून मी आजींना त्यांच्याच नंबरवर एक चॅनल उघडून दिलं होतं. त्या दुपारी मुलं झोपवताना फोन तसाच उशाशी ठेवायच्या, त्यामुळे दिसायचं काही नाही, नुसता अंधार, पण आवाज…'"

इथे चिमणीचं हसणं थांबलं. पुढचं तिने मनात वाचलं आणि फोन माझ्याकडे दिला. माझे हात कणकेने बरबटलेले, मी तसाच घेतला. पुढे लिहिलं होतं की ते चॅनल अचानक दिसेनासं झालंय, तिथे आता चिमणीचं नाव येतं, तिच्या तक्रारीवरून काढलं म्हणून. आजींचा फोन लागत नाही; चाल तीच, म्हणजे त्या तुमच्याच कुणीतरी असतील, त्यांना सांगाल का पुन्हा टाकायला? पोर रोज रडून झोपते.

नवरा दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो टेबलाशी गेला, फोन उघडला आणि आवाज पूर्ण वाढवला. पण तिथे आता ऐकायला काही नव्हतं.

"आईने मला सांगितलं नाही," तो म्हणाला. "मला का नाही सांगितलं?"

सांगायचं काय त्यात, त्यांच्या लेखी? एका पोरीला झोप येत नव्हती, तिची सोय केली. कौतुकाची भूक त्या बाईला कधी नव्हतीच.

त्याच क्षणापासून तो मागे लागला. तक्रारी मागे घेतल्या. उत्तर आलं की आभारी आहोत, पण बंद झालेल्या चॅनलबद्दल मालकानेच हरकत घ्यायला हवी. त्याने लिहिलं, मालकीण वारली. उत्तर आलं, मालकिणीच्या नंबरवर एक आकडा पाठवला आहे, तो कळवा. तो नंबर कधीच दुसऱ्या कुणाला मिळाला होता. फोन लावला तर तिकडून एक माणूस वैतागून म्हणाला, असले निरोप मी पुसून टाकतो. नवऱ्याने मृत्यूचा दाखला पाठवला, हातापाया पडल्यासारखं लिहिलं. एखादं हाडामांसाचं माणूस भेटलं असतं तर त्याने खरंच पाय धरले असते. शेवटचं उत्तर फार सभ्य भाषेत होतं. मुदतीत हरकत न आल्यामुळे सगळं कायमचं पुसलं गेलं आहे, आणि आपल्या संगीताचं रक्षण करण्यास आम्ही सदैव तत्पर आहोत.

छकुलीच्या आईने ते फोनमध्ये उतरवून ठेवलं नव्हतं. तिच्या ओळखीच्या, पाळणाघरातल्या मुलांच्या दुसऱ्या दोन-तीन आयांनाही विचारलं. कुणाकडेच नाही. जे रोज हाताशी असतं ते कोण जपून ठेवतं?

चिमणी दादाशी बोलेनाशी झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. ताटावरून उठून जायची, तो खोलीत आला की बाहेर पडायची. एकदाच बोलली.

"दादा, माझं गाणं लोकांनी फुकट नेलं असतं ना, तरी मला आई मिळाली असती."

"तारीख तरी बघायला हवी होती मी," तो म्हणाला. "तुझ्या गाण्याच्या आधीची होती. कुणी आधीच कशी चोरी करेल?" आणि मग माझ्याकडे वळून, लहान मुलासारखं, "हो ना गं?"

मला त्याचा राग आला होता, खूप आला होता. पण तेव्हा नुसता त्याच्या पाठीवरून हात फिरवला. दुसरं काय करायचं असतं अशा वेळी, मला माहीत नाही.

रविवारी दुपारी छकुलीच्या आईने व्हिडिओ कॉल केला. सासूबाई गेल्याचं तिला आम्ही कळवलं होतं. ती रडली, मग म्हणाली, "हिला सगळं पाठ आहे. ऐकता का?" चिमणी आणि मी फोनसमोर बसलो. नवरा मागे, कपाटाला टेकून, फोनला दिसणार नाही असा उभा राहिला. जा म्हटलं तरी जाईना.

छकुली पाच वर्षांची असेल. पुढचे दात पडलेले. आधी लाजली, मग उशीवर डोकं टेकून गायला लागली.

"मिटली खिडकी, मिटलं दार,
पायांना झाला दिवसाचा भार…"

आवाज तिचा, पण ओळीच्या शेवटी घेतलेला तो जरासा हेल, दोन शब्दांमधला तो श्वास, सगळं सासूबाईंचं. चिमणीने माझा हात घट्ट धरला. दुसरी ओळ झाली, आणि छकुली एक क्षणही न थांबता, गाण्याचाच भाग असावा तशी, दबक्या आवाजात म्हणाली,

"बाळ्या, दार हळू लाव रे. पोरं निजलीत. जेवण झाकून ठेवलंय बघ."

आणि लगेच पुढची ओळ, त्याच सुरात.

कडवं संपल्यावर ती उठून बसली. "ह्यातला बाळ्या कोण आहे?"

"रोज विचारते," तिची आई ओशाळून हसली. "आम्हाला काय माहीत? आवाजात होतं ते, म्हणून हीपण म्हणते. असेल घरातलं कुणीतरी."

माझ्या नवऱ्याला बाळ्या म्हणणारं माणूस या घरात एकच होतं, सासूबाई. शनिवारी गोदामातून अर्ध्या दिवसाने सुटून तो घरी यायचा तो दुपारी, पोरं झोपायच्या वेळेला. कपाटापाशी हालचाल झाली. माझा नवरा पुढे आला आणि फोनसमोर गुडघ्यांवर बसला. चिमणी सरकली, त्याला जागा करून दिली.

"मी," तो म्हणाला. "मी बाळ्या."

छकुलीने त्याला वरपासून खालपर्यंत नीट बघून घेतलं. इतके दिवस ती ज्याच्याबद्दल विचारत होती तो हा, इतका मोठा, टक्कल पडलेला.

"मग जेवलास का तू?" तिने विचारलं.

त्याने मान हलवली, हो की नाही ते कुणालाच कळलं नाही. आई गेल्यावरही न रडलेला माणूस तिथे जमिनीवर बसून, आम्हा सगळ्यांच्या देखत, ढसाढसा रडला.